शिट्टी कुणालाही वाजवता येते, मधे थांबायला शिकवावं लागतं

तीन वर्षांपूर्वी जुलैमधे विसापूर किल्ल्यावर गेलो होतो, आम्ही चार मोठे आणि पाच पोरं. मळवली स्टेशनला उतरून भाजे गावाकडून वर, पायऱ्यांवरून पाणी वाहतंय, पोरं खूश, सगळं मस्त चाललं होतं. पठारावर पोचलो आणि दहा मिनिटांत असं धुकं आलं की समोर बसलेल्याचं तोंड दिसेना. विसापूर ज्यांनी पाहिलाय त्यांना माहितीये, लोहगडासारखा आटोपशीर नाहीये तो, वर भलंमोठं पठार, जिकडे बघाल तिकडे सारखंच गवत. डबे उघडताना पोरांची डोकी मोजली तर चारच. माझा भाचा गायब, वय वर्षं दहा.

त्याच्या गळ्यात शिट्टी होती, सकाळी मीच घातली होती. आणि ती वाजत पण होती हो! पण कशी, तर जत्रेतल्या पिपाणीसारखी, थांबायचं नावच नाही. आम्ही चार मोठी माणसं चार दिशांना बोटं दाखवत उभे, कारण आवाज तटाला आपटून फिरत होता आणि सलग आवाज कुठून येतोय ते धुक्यात कळतच नाही. आम्ही घसा फोडून हाका मारत होतो पण त्या त्याला ऐकू जाणार कशा, तो तर स्वतःच्या कानाशी शिट्टी फुंकत होता. वर घाबरून चालत पण होता, म्हणजे दर मिनिटाला आवाजाची जागा बदलायची. वीसेक मिनिटांनी सापडला तेव्हा आमच्यापासून फार तर शंभर पावलांवर होता, रडून लाल झालेला.

शिट्टी घेऊन दिली म्हणजे आपलं काम झालं असं मी समजत होते, तो गैरसमज त्या दिवशी उतरला. तेव्हापासून दर सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या पोरांना अडचणीत मदत कशी मागायची ते शिकवते, साधारण पाच ते बारा वयाची, आणि आता बऱ्यापैकी कळलंय की पोरांना काय जमतं आणि कुठं गाडी अडते. तेच लिहितेय.

आधी शिट्टीचं बघू. पीटीच्या सरांकडे असते तसली, आत गोळी असलेली शिट्टी घेऊ नका. ती गोळी पावसात भिजली की चिकटते, आणि पोरगं घाबरून जीव खाऊन फुंकतं तेव्हा कधीकधी अडकते पण. बिनगोळीची प्लास्टिकची घ्या, चपटी असते, ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते आणि महागही नसते. तुमच्याकडे ट्रेकिंगची सॅक असेल तर तिच्या छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल एकदा नीट बघा, बऱ्याच सॅकना त्या बक्कलमधेच शिट्टी असते. आमच्या ग्रुपमधे एक काका सहा वर्षं ती सॅक वापरत होते, त्यांना माझ्या आठ वर्षांच्या धाकटीने दाखवली.

शिट्टी बॅगेत ठेवायची नाही, अंगावर हवी. पोरं दमली की पहिलं काम म्हणजे बॅग फेकून देतात, आणि हरवतात ती नेमकी बॅगेशिवाय, शू करायला गेलेली नाहीतर फुलपाखरामागे गेलेली. गळ्यात घालायची तर जाड पक्की दोरी नको, फांदीत अडकली तर फास बसायचा. काही आयकार्डांची दोरी ओढली की मागून सुटते, तसली घ्या, नाहीतर सरळ पॅंटच्या पट्ट्याच्या हुकाला बांधा.

आता पॅटर्न. डोंगरात मदत मागायची जुनी ठरलेली पद्धत अशी की एका मिनिटात सहा शिट्ट्या, म्हणजे दर दहा सेकंदांना एक, मग एक मिनिट पूर्ण गप्प, मग परत सहा. १८९४ साली क्लिंटन डेंट नावाच्या ब्रिटिश गिर्यारोहकाने आल्प्ससाठी ही सुचवली आणि ती टिकली कारण साधी आहे, शिट्टी, टॉर्च, रुमाल हलवणं, थाळी वाजवणं, कशानेही करता येते. ज्याला ऐकू आलं त्याने उत्तर द्यायचं ते मिनिटाला तीन. अमेरिकेत मात्र मदत मागायलाच तीन चालतात. मग आपण कुठलं शिकवायचं? माझं मत असं की सात वर्षांखालच्यांना तीनच शिकवा, तीन शिट्ट्या, थांब, ऐक, परत तीन, मोठ्यांना सहा. तुम्ही स्वतः शोधायला निघालात की तुमचं पोरगं काय वाजवतं ते तुम्हाला माहिती असतं, आणि बाहेरच्या माणसालाही ठराविक अंतराने परत परत येणारा आवाज ऐकला की कळतं की हे उगाच चाललेलं नाही.

पण दहा सेकंद म्हणजे किती हे पोराला कसं कळणार, घड्याळ नसतं आणि भीतीत दहा आकडे दोन सेकंदांत मोजून होतात. मी बरेच उपाय करून पाहिले, शेवटी पाढा चालला. एक शिट्टी, मग मनातल्या मनात बेचा पाढा पूर्ण, मग दुसरी शिट्टी. बे एके बे पासून बे दाहे वीस पर्यंत शाळेच्या चालीत म्हटलं तर साधारण दहा सेकंद जातात, करून बघा. सहा शिट्ट्या झाल्या की मोठी सुट्टी, तिच्यात तीन, चार, पाच, सहा असे पाढे, तेही मनातच, कान उघडे ठेवून. माझी धाकटी बे साती वर हमखास अडकायची आणि मग परत पहिल्यापासून सुरू करायची, म्हणजे तिची शिट्टी वीस सेकंदांनी यायची, तरी काय बिघडलं नाही, उलट ऐकायला जास्त वेळ मिळाला. पाढा म्हणण्याचा अजून एक फायदा मला नंतर लक्षात आला, पाढा म्हणता म्हणता पोराचा श्वास खाली बसतो आणि रडू आवरतं.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे ती गप्प राहायची सुट्टी. उत्तर येतंय का हे ऐकायचं असतं आणि शोधणाऱ्यालाही वाऱ्याच्या आवाजातून तुमची पुढची शिट्टी वेगळी ओळखायची असते. पोरांना हे नुसतं समजावून उपयोग नाही, खेळून दाखवा. आम्ही पार्किंगमधे खेळतो. एकाच्या डोळ्यांवर ओढणी, बाकीच्यांपैकी एक कुठंतरी गाडीमागे उभा राहून शिट्टी वाजवणार. पहिल्या फेरीत सलग वाजवायला सांगायचं, दुसऱ्या फेरीत थांबून थांबून. डोळे बांधलेल्याने आवाज कुठून येतोय ते बोट करून दाखवायचं. पार्किंगच्या भिंतींमुळे सलग आवाजात पोरं पार उलट्या दिशेला बोट करतात आणि मग बाकीची खिदळतात, आणि तो मुद्दा डोक्यात जो बसतो तो मी शंभर वेळा सांगून बसला नसता. खेळाला आम्ही 'शिट्टी-पाढा' म्हणतो. खालच्या आजी आधी ओरडायच्या, आता खिडकीत बसून कुणी पाढा चुकला तर सांगतात.

आणि तीनचं उत्तर आलं तर? पोरं लगेच उत्तराच्या दिशेने पळत सुटतात. नाही. उत्तर आलं की जागेवर उभं राहून वाजवत राहायचं, माणूस दिसेपर्यंत. हे वेगळं सांगावं लागतं कारण मोठ्या माणसालाही नैसर्गिक वाटतं ते पळणंच, आणि मधे दरी आहे का झुडपात खड्डा आहे ते धुक्यात दिसत नाही.

जागेवर थांबण्यावरून सांगते. अमेरिकेत १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला, शेकडो लोक शोधत होते, पण तो जिवंत सापडला नाही. त्याच्या शोधात असलेल्या लोकांनी मग मुलांसाठी एक कार्यक्रम सुरू केला, हग अ ट्री नावाचा, म्हणजे हरवलास की एक झाड पकड आणि त्याला सोडू नकोस. झाडाला मिठी मार, त्याच्याशी बोल, म्हणजे एकटं वाटत नाही आणि पाय हलत नाहीत. कल्पना फार चांगली आहे पण सह्याद्रीत आणताना थोडी बदलावी लागते. पठारावर एकटं उंच झाड असेल आणि विजा चमकत असतील तर त्याला चिकटायचं नाही. ओढ्याच्या पात्रात थांबायचं नाही, वर पाऊस झाला की पाणी अचानक वाढतं. कड्याच्या टोकावर तर नाहीच. आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथं ना शिट्टी ना आरडाओरडा, गुपचूप लांब सरकायचं. मग राहिलं काय, तर मोठा दगड, झुडपांचा घोळका, देवळाचं जोतं, पडका वाडा. माझ्या भाच्याला विचारलं तर म्हणाला मी दगड पकडीन आणि त्याला दगडू म्हणीन. म्हण बाबा.

रेनकोटचा रंग. आपण पोरांना हिरवा, काळा, राखाडी घेऊन देतो कारण मळत नाही. पावसाळ्यातल्या सह्याद्रीत हिरवा रेनकोट घातलेलं पोर म्हणजे बेडूक. नारंगी, लाल, भडक गुलाबी घ्या. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं तेव्हा पिवळा नको. हरवलेल्याने तो रेनकोट काढून झुडपावर पसरावा का, तर पाऊस थांबला असेल तरच, नाहीतर अंगावरच ठेवायचा, अंगात ऊब राहणं जास्त महत्त्वाचं.

आता जे सांगणार आहे ते पोरांना शिकवायचं नाहीये, आपल्याला शिकायचंय. हरवलेली बरीच मुलं शोधणाऱ्यांचा आवाज ऐकूनसुद्धा उत्तर देत नाहीत. दोन कारणं. एक म्हणजे भीती की आई मारेल. भाचा सापडला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय होतं माहितीये, 'मावशी, आईला सांगू नकोस.' पायाला खरचटलंय, थंडीने दात वाजतायत आणि पोराला काळजी कसली तर ओरडा बसेल याची. घरी 'हरवलास ना तर बघ, तंगडं मोडीन' असं आपण येता-जाता म्हणतो, तेच त्याच्या डोक्यात असतं. म्हणून ट्रेकच्या आधी, सगळ्या पोरांसमोर, मोठ्याने सांगायचं की हरवलं तर कुणी ओरडणार नाही, आणि मग खरंच ओरडायचं नाही. मला त्या दिवशी एक धपाटा द्यायची फार इच्छा झाली होती, खोटं कशाला बोलू.

दुसरं कारण म्हणजे 'अनोळखी माणसाशी बोलायचं नाही' हे आपणच शिकवलेलं असतं. मग गावातले चार काका टॉर्च घेऊन नाव पुकारत आले की पोर झुडपात दडून बसतं. यावर उपाय म्हणजे घरातला एक गुपित शब्द. शोधायला जाणाऱ्याला तो सांगून ठेवायचा, त्याने नावाबरोबर तो शब्द पुकारला की पोराने बाहेर यायचं. शब्द विचित्र हवा आणि पोरानेच निवडलेला, म्हणजे विसरत नाही. आमचा मी इथं लिहिणार नाही पण एका भाजीचं नाव आहे जी घरात कुणालाच आवडत नाही. शब्द सांगायला जमलं नाही तर? म्हणून हेही सांगून ठेवा की हरवला असशील, नाव घेऊन पुकारतायत, माणसं दोन-चार आहेत, तर उत्तर दे. शब्द नेहमीच्या दिवसांसाठी पण कामाचा आहे, शाळेबाहेर कुणी 'आईने पाठवलंय' म्हणाला की आधी शब्द विचारायचा. आणि कुणी हाताला धरून ओढत असेल तर नुसतं 'सोडा सोडा' ओरडून लोक थांबत नाहीत, त्यांना वाटतं बाप हट्टी पोराला घरी नेतोय. 'हे माझे बाबा नाहीत, मी यांना ओळखत नाही', हे वाक्य जसंच्या तसं पाठ करून घ्या आणि पूर्ण आवाजात म्हणून घ्या. शांत पोरांना हे फार जड जातं. माझी थोरली पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाली की मांजर पण हललं नसतं.

मोठ्या मुलींना मी हाताची ती खूणही दाखवली आहे, तळहात समोर, अंगठा आत दुमडायचा, वरून चार बोटं मिटायची. २०२० साली कॅनडातून सुरू झाली, बोलता येत नसेल तेव्हा गुपचूप मदत मागायला. शिकवा, पण तिच्यावर भरवसा ठेवू नका, आपल्याकडे बसस्टॉपवरच्या दहा माणसांत ती ओळखणारा एकही नसेल.

गर्दीचं गणित वेगळं असतं. जत्रा, वारी, गणपती बघायला गेलेलो, दादरचं स्टेशन. इथं शिट्टीचा उपयोग शून्य, निम्म्या पोरांच्या तोंडात पिपाण्याच असतात. इथं सिग्नल म्हणजे माहिती. आणि माहितीची बोंब कशी असते ते ऐका. एका जत्रेत मी माईकवाल्या मांडवाशेजारी उभी होते, चार-पाच वर्षांचा एक मुलगा आणला होता. माईकवाले दादा विचारतायत, बाळा आईचं नाव काय? 'आई.' बाबांचं? 'बाबा.' राहतोस कुठं? 'घरी.' तुझं नाव? 'गोलू.' आता पुकारा काय करायचा! निळ्या शर्टातला गोलू नावाचा मुलगा सापडला आहे, असा केला, आणि तीन वेगवेगळ्या गोलूंच्या आया धावत आल्या.

तर चार वर्षांपासूनच स्वतःचं पूर्ण नाव, आईचं आणि बाबांचं पूर्ण नाव, गाव. फोन नंबर चालीत बसवून द्या, आरती पाठ होते तर दहा आकडे का नाही होणार. एकच नंबर, रोज एकाच तालावर, पाच-पाच आकडे तोडून. तुम्ही पाच-पाच तोडता आणि आजोबा तीन-तीन-चार तोडतात, असं झालं की पोराचा गोंधळ होतो, आमच्याकडे झालाय. जत्रेला जाताना मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने नंबर लिहा, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली तर घामाने जात नाही. गर्दीत पोराने जागेवर थांबून दोन्ही हात वर करून आईला नावाने हाक मारायची, 'आई' म्हणून नाही, कारण 'आई' म्हटलं की शंभर बायका वळतात आणि तीच नेमकी वळत नाही. मदत मागायची कुणाकडे, तर वर्दीवाले पोलीस, माईकचा मांडव, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस, किंवा लेकरं बरोबर असलेली बाई. रेल्वेत असाल तर १३९, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, हे दोन्ही मोठ्यांनी फोनमधे ठेवायचे.

लहान पोरांना एकच नंबर शिकवायचा, ११२. पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स सगळ्याला तोच. १०८ ॲम्ब्युलन्सचा आहेच पण सहा वर्षांच्या पोराला यादी नको. उच्चार 'एक-एक-दोन' असा शिकवा, 'एकशे बारा' म्हटलं की पोरं डायल पॅडवर एकशे शोधत बसतात, खरंच. मग तुमचा फोन लॉक करून त्याच्या हातात द्या आणि इमर्जन्सी कॉल कुठून लागतो ते स्क्रीनवर दाखवा, पासवर्ड लागत नाही हे बऱ्याच पोरांना माहितीच नसतं. स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी त्या जागी दुसऱ्या कंपनीची असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून रेंज नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, एकदा लावून बघायचा. जानेवारी २०१७ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या फोनमधे पॅनिक बटणाची सोय सक्तीची केली आहे, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण पटापट तीनदा. पण काही फोनमधे पाचदा दाबावं लागतं, तर तुमच्या फोनच्या सेटिंगमधे आजच बघून घ्या. आणि सरावासाठी खरा फोन लावू नका, त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी लाइन हवी असते. आम्ही चपलेने करतो. चप्पल कानाला, मी पलीकडची ताई, पोरगं बोलणार.

बोलायचं काय? आधी जागा, मग काय झालं, मग नाव. पोरं उलटं करतात, 'आजी पडली, आजी पडली' म्हणत रडतात आणि तेवढ्यात फोन कट झाला तर पलीकडच्याला घर कुठं तेच माहिती नाही. जागा सांगायचा सराव असा करा, रिक्षावाल्या काकांना घर कसं सांगशील? मारुतीच्या देवळावरून पुढे, पिठाच्या गिरणीसमोर, निळं गेट, दुसरा मजला. असं सांगता आलं की झालं. पत्त्यातला सर्व्हे नंबर आणि पिनकोड पाठ करायला लावणारे पालक मी बघितलेत, पण गिरणी पिनकोडच्या आधी सापडते. आणि समोरचा ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

घरातल्या घरात सगळ्यात जास्त काय होतं तर बाथरूमची कडी अडकणं. मग आत पोर किंचाळतंय, बाहेर आजी किंचाळतेय. आतल्याने मग घेऊन दारावर तीन टोले, थांब, तीन टोले. बाहेरच्यानेही तीनच टोल्यांनी उत्तर द्यायचं, म्हणजे आतल्याला कळतं कुणीतरी आहे. लिफ्ट अडकली तर घंटेचं बटण, मग चपलेने दारावर तीन-तीन, आणि दार ओढून उघडायचा प्रयत्न अजिबात नाही. एखाद्या पडझडीत अडकलं तर ओरडणं सगळ्यात शेवटी, धूळ नाकातोंडात जाते आणि घसा बसतो, त्याऐवजी भिंतीवर नाहीतर पाइपवर ठोकायचं, पाइपमधून आवाज लांब जातो.

आगीचं मात्र नीट बसून सांगा. लहान मुलं आग लागली की पलंगाखाली नाहीतर कपाटात लपतात, आणि तिथं ती कुणाला दिसत नाहीत. बाहेर पडता येत असेल तर बाहेर, वस्तू घ्यायला परत आत नाही. पडता येत नसेल तर आपल्या आणि धुराच्या मधलं दार लावून घ्यायचं, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, खिडकीत यायचं आणि भडक कापड हलवायचं, रात्री टॉर्च. आमच्याकडे ठरलेलं कापड आहे, लाल चादर, तिची जागा बदलली की धाकटी लगेच तक्रार करते.

टॉर्चचंही गणित तेच, सहा झोत आणि मिनिटभर अंधार. मोठी मुलं एसओएस शिकायला उत्सुक असतात, तीन छोटे, तीन लांब, तीन छोटे. १९०६ साली बर्लिनच्या परिषदेत ठरलं ते, आणि त्याचा फुलफॉर्म वगैरे काही नाही, बिनतारी संदेशात ओळखायला सोपं म्हणून घेतलं, हे सांगितलं की पोरांना भारी वाटतं. पण हात थरथरत असताना छोटं-लांब जमत नाही. जमलं तर बोनस. दिवसा ऊन असेल तर आरसा नाहीतर जुनी सीडी. सीडी मस्तच, मधल्या भोकातून समोरच्याकडे बघता येतं आणि कवडसा त्याच्यावर पाडता येतो. हे गच्चीवर करून घ्या, एक टीम या गच्चीवर, दुसरी समोरच्या. रस्त्यावरच्या गाडीवाल्यांच्या डोळ्यांत मारायचं नाही हे आधी सांगा, आम्ही नंतर सांगितलं.

धूर किंवा आग करून इशारा देणं मी पोरांना शिकवत नाही आणि तुम्हीही शिकवू नका असं मला ठामपणे वाटतं. जानेवारीनंतर आपल्या डोंगरांवर वाळकं गवत असतं, एक ठिणगी पडली की वणवा, आणि धुराने आग्या मोहोळ उठलं तर बघायलाच नको.

हेलिकॉप्टरचं पोरांना फार वेड असतं म्हणून सांगते. दोन्ही हात वर, इंग्रजी वायसारखे, म्हणजे हो, मदत हवी. एक हात वर, एक खाली, म्हणजे नको. पोरं काय करतात, एका हाताने टाटा करतात! आणि वरचा समजणार मजेत आहेत. एवढं शिकवा आणि पुढे चला, कारण आपल्याकडे लोक अडकतात ते पावसाळ्यात आणि पावसाळ्यात हेलिकॉप्टर येईल याची खात्री नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उडू शकली नाहीत, वाडीला गाडीरस्ता नव्हता, एनडीआरएफचे जवान आणि डोंगर जाणणारी मंडळी पावसात पायी चढून गेली. डोंगरात आपल्याकडे मदत पायीच येते, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे ग्रुप, महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची माणसं, पायथ्याच्या गावातली पोरं. त्यांचे नंबर रेंजमधे असतानाच सेव्ह करा आणि पायथ्याला ज्यांच्याकडे चहा पिता त्यांना सांगून जा की आम्ही इतके जण वर चाललोय, इतक्या वाजता उतरू. चालत येणाऱ्या माणसाला शिट्टी ऐकू येते, म्हणून मी फिरून शिट्टीवरच येते.

पाण्याबद्दल थोडंच. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, बहुतेक वेळा गप्पच असतं, त्यामुळे काठावरच्या पोरांनी बघत राहायचं. पोहता येणाऱ्याला ओढ लागली तर पाठीवर तरंगायचं आणि एक हात वर करून हलवायचा. दुसरं कुणी बुडत असेल तर उडी नाही, ओरडून मोठ्यांना बोलवायचं आणि झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, ओढणी जे असेल ते फेकायचं. आणि पाण्यात खोटं खोटं बुडायचा खेळ बंद म्हणजे बंद.

खोट्याचा विषय निघाला म्हणून, शिट्टी दिल्यावर पहिले दोन दिवस पोरं ती वाजवतातच, वाजवू द्या, हौस फिटते. मग नियम, खेळ सोडून वाजली की मोठे धावत येणार, आणि उगाच वाजली असेल तर ती शिट्टी एका दिवसासाठी जप्त. लांडगा आला रे आला सगळ्यांना माहिती असतं, वेगळं सांगायला लागत नाही. पण फार धाक नको, नाहीतर खरंच गरज असताना पोर विचार करत बसेल की वाजवू का नको. शंका आली तर वाजव, असंच आमच्यात आहे. गेल्या वर्षी राजमाचीच्या वाटेवर धाकटीने वाजवली, सगळे धावलो, तर बुटाची लेस सुटून पाय अडकला होता तिचा. आम्ही कुणी काही बोललो नाही. भाच्याने मात्र तिला सांगितलं की पाचव्या आणि सहाव्या शिट्टीच्या मधे तू घाई केलीस.

सराव महिन्यातून एकदा पुरतो, दहा मिनिटं. आणि पावसाळा लागायच्या आधी घरातल्या सगळ्या शिट्ट्या काढून फुंकून बघा. यंदा धाकटीच्या शिट्टीतून आवाजच येईना, टाचणीने टोकरलं तर आतून चिवड्यातला शेंगदाणा निघाला, अर्धा.